सोमलाचा हिशेब

2020 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर 'आर्सेनिक' हा शब्द एकदम घरोघरी पोचला. करोनाची धास्ती होती, लशीचा पत्ता नव्हता, आणि आयुष मंत्रालयाच्या सल्ल्याचा आधार घेऊन आर्सेनिकम अल्बम 30 च्या पांढऱ्या गोळ्या वाटल्या जात होत्या. तीन दिवस, उपाशीपोटी, चार-चार गोळ्या. राज्याच्या ग्रामविकास खात्यानेही त्या गावोगाव द्यायचं ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला अडवून विचारलं, "डाक्टर, आर्सेनिक म्हंजे इष म्हणं ना?" मी म्हणालो, "आजी, या गोळीत ते औषधालासुद्धा नाही." खरंच नाही. शंभरपट पातळ करायचं, ते तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्यं. त्या गोळीत आर्सेनिकचा एक कण सापडायचीही शक्यता नाही.

त्या गोळ्यांवर टीव्हीवर वाद झाले, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. पण ज्या औषधांत आर्सेनिक खरोखर असतं, मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकं असतं, त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. मी आयुर्वेदाचा पदवीधर, बीड जिल्ह्यात दवाखाना चालवणारा वैद्य. सोमल, हरताळ आणि मनशीळ ही तिन्ही आर्सेनिकची रूपं. सोमल म्हणजे त्याचा पांढरा ऑक्साइड, हरताळ पिवळा गंधकयुक्त, मनशीळ तांबडी. श्वासकुठार रसात मनशीळ असते, रसमाणिक्यात हरताळ, मल्लसिंदुरात सोमल आणि समीरपन्नग रसात तर तिन्ही. या औषधांची बाजू मी वर्षानुवर्षं हिरीरीने मांडली, वैद्यांच्या संमेलनांत टाळ्याही घेतल्या. आता मांडत नाही. का, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी माझी जुनी बाजू नीट सांगतो, कारण ती पोकळ नव्हती.

कॉलेजात रसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्ही रसमाणिक्य केलं होतं. कोहळ्याच्या रसात आणि चुन्याच्या निवळीत शिजवून शुद्ध केलेली हरताळ बारीक कुटायची, अभ्रकाच्या दोन पातळ पत्रांमध्ये सारखी पसरायची, कडा बंद करायच्या आणि निखाऱ्यांवर धरायची. आधी पिवळा रंग काळवंडतो. मग कडेकडून लाली चढायला लागते आणि बघता बघता अख्खं पत्र माणकासारखं लालबुंद होतं. निखाऱ्यावरून लसणासारखा वास येतो. सर ओरडायचे, "तोंड मागे घ्या, वास घेऊ नका." गार झाल्यावर अभ्रकाचे पदर सोलले की आत काचेसारखा लाल पापुद्रा. एकविसाव्या वर्षी हे स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला कोणी म्हटलं की 'हे नुसतं विष आहे', तर त्याला राग येणारच. आमच्या डोळ्यांसमोर वस्तू बदलली होती. सोमल कारल्याच्या रसात शुद्ध करायचा, मनशीळ आल्याच्या रसात. प्रत्येकीची रीत वेगळी आणि ग्रंथांत नीट नोंदलेली. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात गौरीपाषाण या नावाने सोमल 'साधारण रस' या वर्गात येतो, हरताळ आणि मनशीळ 'उपरस' या वर्गात. हे सगळं करणारी माणसं अडाणी नव्हती.

शिवाय मात्रा. सोमलाची मात्रा गुंजेच्या एकशेविसाव्या हिश्शापासून सुरू होते. गुंज म्हणजे साधारण 125 मिलिग्रॅम, तेव्हा हा हिस्सा झाला सुमारे एक मिलिग्रॅम. मी भाषणात म्हणायचो, मीठसुद्धा किलोभर खाल्लं तर माणूस मरतो.

2004 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टनचा एक अभ्यास आला. तिथल्या दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आम्ही संतापलो. परदेशी कंपन्यांचा डाव, दुसरं काय! पुढे 1 जानेवारी 2006 पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. म्हणजे बॉस्टनकराच्या पोटात काय जातं याची काळजी आधी घेतली गेली. आमच्या जिल्ह्यातल्या धारूरकराची नंतर बघू.

माझा हुकमी एक्का मात्र वेगळा होता. सप्टेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आर्सेनिक ट्रायऑक्साइडला, म्हणजे आमच्या सोमलालाच, रक्ताच्या एका कर्करोगावर औषध म्हणून मान्यता दिली. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी पारंपरिक औषधातून ते शोधलं होतं. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी झपाट्याने जीव घेणारा आजार आज बहुतेकदा बरा होतो, आणि त्यात सोमलाचा मोठा वाटा आहे. कोणी म्हणालं की सोमलाने कर्करोग होतो, की मी हा एक्का टाकायचो. समोरचा गप्प व्हायचा.

आणि शेवटी अनुभव. आमच्या आधीच्या पिढ्यांतल्या वैद्यांनी दम्याला, सोरायसिसला, आमवाताला ही औषधं आयुष्यभर दिली. त्यांचे रोगी सुधारले, आशीर्वाद देऊन गेले. कोणी मेलं? कोणी नाही.

माझं मत बदललं ते बॉस्टनच्या अभ्यासाने नाही. धारूर तालुक्यातला एक ऊसतोड कामगार, साठी ओलांडलेला, कमरेवरचा एक चट्टा दाखवायला माझ्याकडे आला. तांबूस, वर पातळ खवले, रुपयाच्या नाण्याहून मोठा. गजकर्ण समजून त्याने कितीतरी मलमं लावली होती. मी आणखी एक दिलं. उतरेना, म्हणून ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. तिने तुकडा काढून तपासायला दिला. निदान आलं बोवेनचा आजार, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातच असलेला, अजून आत न उतरलेला कर्करोग. तिने फोन करून विचारलं, "सर, या मामांनी कधी सोमल घेतलाय का हो?"

मी चमकलो. म्हटलं, असं का वाटलं? ती म्हणाली, "चट्टा कमरेला आहे, धोतराच्या आत. तिथं ऊन लागत नाही. आणि हात बघितलेत का?"

हात मी बघितले होते. ऊसतोड्याचे हात, त्यात काय बघायचं? दुसऱ्यांदा मात्र तिच्या सांगण्याप्रमाणे बघितले. कोयत्याच्या मुठीने पडलेले घट्टे बोटांच्या बुडाशी असतात, जिथे दाब येतो तिथे, आणि ते सपाट, पसरट असतात. त्याच्या तळव्यावर घट्टे होतेच, पण त्यांच्यामध्ये, अंगठ्याच्या उंचवट्यावर, बोटांच्या बाजूंना, दाब कधीच येत नाही अशा जागी बारीक कडक दाणे होते. डोळ्यांना फारसे दिसत नव्हते. बोट फिरवलं की खरखर लागायची. मग पाय. टाचेला भेगा होत्या, त्या चालून पडलेल्या. पण तळपायाच्या खळग्यात, जिथे जमीन लागतच नाही, तिथेही तेच दाणे. छातीवर काळपट झालेल्या कातडीत फिकट ठिपके. आधी मी ते उन्हाचं रापणं समजलो होतो.

"मामा, दम्याला काय घेत होता?"

"लाल पुडी. मधातून चाटायची. फडावर जायच्या आधी न्यायचो सहा महिन्याची. लई गुण यायचा बगा."

"किती वर्षं घेतली?"

"लई हिवाळे. ते वैद्य वारले, मग सुटलं." सुटून पंधरा-वीस वर्षं झाली होती.

त्या पुडीतल्या आर्सेनिकनेच हे झालं, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध व्हायचं नाही. पुडी नाही, वैद्य नाही, कागद नाही. मामांचा चट्टा शस्त्रक्रियेने निघाला आणि ते आज हयात आहेत. पण मला त्या दिवसापासून झोप लागेना, कारण माझ्या सगळ्या वकिलीत एक गोष्ट मी कधीच मोजली नव्हती. वर्षं.

मग वाचायला बसलो, आणि या वेळी समोरच्याला हरवण्यासाठी वाचत नव्हतो. आधी सापडला फाउलरचा द्रव. 1786 मध्ये इंग्लंडच्या थॉमस फाउलर यांनी आर्सेनिकचं एक पातळ औषध प्रसिद्ध केलं. हिवतापाला, दम्याला, सोरायसिसला, रक्त वाढायला ते दिलं जाई. आमच्यासारखेच आजार, आमच्यासारखीच थेंबाथेंबाने मात्रा. रोग्यांना गुण यायचा. 1880 च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी लिहिलं की दीर्घकाळ हे औषध घेतलेल्यांच्या तळव्यांवर कडक दाणे येतात आणि पुढे त्यातून कर्करोग होतो. मधे गेली शंभर वर्षं. लंडनच्या नामांकित डॉक्टरांना शंभर वर्षं हे दिसलं नाही, याचं कारण सरळ होतं. औषध देणारा डॉक्टर आणि कर्करोग बघणारा डॉक्टर एकच नसत. मधल्या काळात एक निवृत्त झालेला असे किंवा वारलेला. रोग्यालाही आठवत नसे.

दुसरी गोष्ट चिलीतल्या आंतोफागास्ता शहराची, आणि माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते तिथे. वाळवंटातलं शहर, पाण्याचा तुटवडा. आमच्या मराठवाड्याला हे समजावून सांगायला नको. 1958 मध्ये डोंगरातल्या नदीचं पाणी आणलं. त्यात दर लिटरला सरासरी 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. आज पिण्याच्या पाण्याची मर्यादा 10 आहे. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि पाणी सुधारलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतच राहिले, 1980 आणि 90 च्या दशकांत कळसाला पोचले, आणि पाणी स्वच्छ होऊन चाळीस वर्षं उलटल्यावरही त्या पिढीत हा धोका चढाच आढळला. त्या बारा वर्षांत आईच्या पोटात किंवा अंगणात असलेली मुलं मोठी झाली आणि तिशी-चाळिशीतच त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

शरीरातून आर्सेनिक लवकर बाहेर पडतं. यकृत त्याला बदलतं आणि बहुतेक भाग काही दिवसांत लघवीवाटे निघून जातो. जाता जाता मूत्राशयाच्या अस्तराला भिडून जातो. केसांत आणि नखांत काही महिने खूण राहते, मग तीही कापून टाकली जाते. मामांची लघवी तपासली असती तर अगदी स्वच्छ आली असती. पण पेशी आपल्या जनुकांतल्या चुका दुरुस्त करत असतात आणि ते काम आर्सेनिकने बिघडवलं की राहून गेलेल्या चुका तशाच पुढच्या पेशींत उतरतात. विष निघून जातं, पण त्याने राहू दिलेल्या चुका जात नाहीत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अकार्बनी आर्सेनिकला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. कातडी, फुफ्फुस आणि मूत्राशय या तिन्हींबाबत पुरावा भक्कम आहे, यकृत आणि मूत्रपिंडाबाबत संशय आहे.

माझ्या एक्क्याचंही काय झालं ते सांगतो. ल्युकेमियात सोमल देतात तो शिरेतून, रुग्णालयात, हृदयाचा आलेख बघत, ठरावीक आठवडे, आणि समोर उभा असतो काही दिवसांत जीव घेणारा आजार. मधातून सहा-सहा महिने, हिवाळ्यामागून हिवाळे, बिनआलेखाचा नव्हे. ते उदाहरण माझ्या बाजूचं कधी नव्हतंच.

मात्रेचा हिशेबही पुन्हा केला, साध्या कागदावर. एक मिलिग्रॅम सोमलात तीन चतुर्थांश आर्सेनिक, म्हणजे 750 मायक्रोग्रॅम. मर्यादेइतकं आर्सेनिक असलेलं पाणी उन्हात राबणारा माणूस दिवसाला तीन लिटर प्यायला तर पोटात जातं 30. म्हणजे आमची 'अल्प' मात्रा पंचवीसपट. हरताळ आणि मनशीळ पाण्यात फारशा विरघळत नाहीत, हे खरं आहे. पण भट्टीत त्यांचा काही भाग ऑक्साइड होतो, आणि किती होतो ते भट्टीवर, वैद्याच्या हातावर, हवेवर ठरतं. शोधनाने रूप बदलतं, संयुग बदलतं, अंगात भिनण्याचा वेगही बदलत असेल. आग मूलद्रव्याला हात लावत नाही. एकविसाव्या वर्षी जे लाल माणिक बघून मी हरखलो होतो, तेही आर्सेनिकच होतं.

मला आमच्या थोरांना खोटं ठरवायचं नाही. त्यांचा अनुभव खरा होता: दमा उतरत होता, खवले जात होते. पण त्यांचं निरीक्षण महिन्यांचं होतं आणि हा आजार दशकांचा आहे. शिवाय त्या काळी माणसं पन्नाशीच्या आतच पटकी, क्षय, देवीने जायची. कर्करोग व्हायला तेवढी वर्षं जगावं लागतं. 'कोणी मेलं नाही' या वाक्यात काळ किती धरला आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. आता कोणतंही औषध 'परंपरेने निर्धोक' म्हटलं की मी आधी तेच विचारतो.

हे मी आमच्या संमेलनात बोललो तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "मग दवाखान्याची पाटी बदला." पाटी बदललेली नाही. अडुळसा आहे, गुळवेल आहे, पंचकर्म आहे. परळीच्या वैद्यनाथाच्या जिल्ह्यात वनस्पतींची वाण नाही. कपाटातले आर्सेनिकचे चार डबे तेवढे काढले.

'कॅन्सर' हा शब्द बीडमध्ये जपून वापरावा लागतो. 2019 साली विधिमंडळात सांगितलं गेलं की तीन वर्षांत या जिल्ह्यात 4,605 स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. त्यांत ऊसतोड बाया मोठ्या संख्येने होत्या, आणि कितीतरी जणींना कॅन्सरचीच भीती घातली होती. त्या जिल्ह्यात मी आणखी एक भीती पेरणार नाही. म्हणून स्पष्ट सांगतो. बीडच्या बोअरच्या पाण्याची खरी तक्रार फ्लोराइडची आणि नायट्रेटची आहे. आर्सेनिकचं पाणी हे गंगेच्या गाळाच्या प्रदेशाचं दुखणं. 1983 साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधले पहिले रोगी ओळखले, तेही कातडीवरूनच. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेत दगडी कोळशातून आलेला आर्सेनिकचा अंश असतो, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. चार दिवस श्वासकुठार घेतल्याने कोणाला कर्करोग होत नाही. धोका आहे तो महिनोन्महिने, वर्षानुवर्षं, बिननावाची पुडी चाटणाऱ्याला. बाजारात, रस्त्याकडेच्या तंबूत मिळणाऱ्या अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं, आणि त्याचे हाल निराळे.

कायद्याने काय केलं आहे? औषध नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये गौरीपाषाण, हरताळ, मनशीळ विषारी द्रव्यं म्हणून नोंदलेली आहेत. ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत नाही. किती दिवस घ्यावं, हे कोणत्याच भाषेत नाही. आणि वैद्याने स्वतः बांधलेल्या पुडीवर तर काहीच नसतं.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की निदान आर्सेनिक असलेल्या औषधाचं नाव, मात्रा आणि दिवस रोग्याच्या कागदावर मराठीत लिहून द्या. वीस वर्षांनी त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला तेवढा कागद पुरेल. आणि वाचकहो, तुम्ही किंवा घरातल्या कोणी दम्याला, सोरायसिसला, संधिवाताला वर्षानुवर्षं पुड्या घेतल्या असतील, तर सोडून कितीही काळ झाला असला तरी डॉक्टरांना ते आपणहून सांगा. तळवे आणि तळपायाची खळगी बोटाने चाचपून बघा. न हटणारा चट्टा, विशेषतः कपड्याखालचा, मलमांवर काढू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. विडी ओढत असाल तर सोडा, कारण आर्सेनिक आणि विडी एकत्र आली की फुफ्फुसाचा धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो. आणि न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं, तरी ते उष्णतेवर ढकलू नका. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या.